नव्या अपडेटनंतरची गाडी

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बाबांना गाडीखाली शिरायला बंदी केली. सुओमुस्सल्मीसारख्या बर्फाळ गावात हिवाळाभर करायचं काय? म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक गेम घालून दिला. त्यात मोडकी गाडी एकेक नट आवळून उभी करायची असते. चालवताना मेलात, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बाबांनी, म्हणजे काउकोंनी, जीव ओतून गाडी उभी केली. आई शेजारी मोजे विणत बसायची आणि म्हणायची, "खरी गाडी अंगणात बर्फाखाली गाडली गेलीय, आणि हा खोट्या गाडीला तेल घालतोय!"

वसंतात नवं अपडेट आलं. आता खडबडीत रस्त्यावर नट आपोआप सैल पडणार, वायरी एकेक करून जोडायच्या, आणि जुनी गाडी उघडणारच नाही.

बाबांचा फोन आला. "साइया, कोण गाढव आहे हा गेम बनवणारा? माझी गाडी गिळली त्यानं!"

"मग आता सोडून देणार?"

"सोडतोय कसला! वायरी खऱ्यासारख्या केल्यात लेकाच्यानं."

मी जूनमध्ये घरी गेले तेव्हा आईचं विणकाम कोपऱ्यात पडलेलं होतं आणि ती बाबांना सांगत होती, "लाल वायर तिथं नाही रे, आंधळ्या. खाली."

त्या दुपारी इंजिन धडधडलं. बाबांनी टेबलावर हात आपटला. तेवढ्यात आई म्हणाली, "सरक. दुकानापर्यंत मी नेते."

लग्नापासून स्टिअरिंग कायम बाबांच्याच हातात. पण सरकले.

आई सावकाश निघाली. "गिअर, हेल्लेवी! गिअर!" बाबा ओरडले.

"ओरडलास तर उतरवीन."

दुकानात तिनं सॉसेज घेतले आणि परतीच्या कच्च्या रस्त्याला लागली. तळ्याच्या वळणावर पुढचं चाक सुटून झाडीत गेलं, मागोमाग गाडीही. पडदा काळा झाला.

बाबा पुटपुटले, "चाकाचे नट तपासायचे राहिले. माझंच चुकलं."

"मी मेले, आणि तुला नटांचं पडलंय?" आई म्हणाली.

मग तिला हसू फुटलं. बाबांनाही. हसता हसता त्यांनी खुबा धरला, आणि आईनं त्यांच्या पाठीला हात लावला.

सकाळी उठले तर आई कॉम्प्युटरसमोर, पान्याचं चित्र शोधत. नवी मोडकी गाडी गॅरेजात उभी. बाबांनी दोन कप कॉफी आणून ठेवली आणि माउसकडे हात नेला.

आईनं तो बाजूला केला. "तू फक्त सांग. आवळते मी."

बाबांनी खुर्ची ओढली. "बरं. आधी बॅटरी बघ, बाई."