खारबांधाची उघाडी आणि दशमीचं माप

मी एक जुनी उघाडी आहे. मित्रांनो, उघाडी म्हणजे काय ते तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही. ज्यांना ठाऊक असायला हवं, तेही विसरले आहेत. म्हणून सांगते. मांडव्याहून अलिबागकडे येताना खाडीच्या कडेने मातीचा लांबलचक बांध लागतो. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं. त्या बांधाच्या पोटात एक मोरी आहे आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं फळ्यांचं दार आहे. ते दार म्हणजे मी. भरती आली की खाडी मला ढकलून बंद करते. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी मला आतून ढकलतं आणि निघून जातं. मोटार नाही, बटण नाही. पाणीच मला लावतं, पाणीच मला उघडतं.

चाळीस वर्षांपूर्वी दत्तात्रेय सुतारांनी मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. बांधाची राखण तेव्हा चांगदेवांकडे होती. ते कमरेइतक्या चिखलात उतरून माझ्या कडांना चिकटलेली कालवांची शिंपलं खरवडायचे आणि उन्हाळ्यात मला काजूच्या टरफलांचं तेल पाजायचे. त्यांची बायको कमळ बांधावरून ओरडायची, "अवो, बायकोला कदी लावलंव का येवढ्या मायेनं तेल?"

"तू कदी खाडी अडवलीस का?" चांगदेव खालूनच विचारायचे.

एका पावसाळ्यात उधाण आणि मुसळधार एकाच दिवशी आले. शेजारच्या गावाचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं आणि तीन वर्षं तिथे गवताची काडी उगवली नाही. आमचं भात मात्र उभं राहिलं. तेव्हा गावाने माझ्यापुढे नारळ फोडला होता. मग चांगदेव गेले. गावची पोरं ट्रकवर कामाला गेली. मी त्यांना नावं ठेवत नाही, ट्रकने त्यांची घरं उभी केली. पण माझ्याकडे बघायला कोणी उरलं नाही. सत्तरीची कमळ तेवढी कोयता घेऊन यायची आणि हात पोचेल तिथवर खरवडायची.

अशात अल्पेशने बेत केला. अल्पेश हा कमळचा सख्खा पुतण्या. बारा ट्रेलरचा मालक, पण ऑफिस एका जुन्या कंटेनरमध्ये. त्याला नवं ऑफिस आणि गोदाम बांधायचं होतं, तेही पर्यावरणपूरक. जागा म्हणजे बांधाला लागून असलेलं त्याचं खोल शेत, जिथून सगळ्या शिवाराचं पाणी माझ्याकडे येतं. रस्त्यावर फलक लागला. त्यावर हिरव्या पानाचं चित्र, खाली 'हरित इमारत'. मुंबईहून बोटीने मृणाल नावाची आर्किटेक्ट आली. छपरावर सौर पॅनेल, राखेच्या विटा, सांडपाण्यावर बाग, सगळं तिने मन लावून आखलं होतं. आणि या सगळ्याच्या खाली काय? दोनशे डंपर मुरुमाचा भराव. मागचा डोंगर कापायचा, पुढचं शेत बुजवायचं, त्यावर झाडांच्या कुंड्या ठेवायच्या आणि याला हिरवं म्हणायचं! मला बुजवून माझ्या जागी एक पाईप टाकायचं ठरलं होतं.

कमळ ऐकल्याबरोबर बांधावर आली.

"अल्प्या, उघाडी बुजवतोस म्हनं?"

"काकी, टेन्शन नको घेऊ. तीन फुटी पाईप टाकतोय. एकदम मजबूत."

"पाईपाला दार हाय का?"

"दार कशाला? पाणी जायला पाईप."

"जायला आनि यायला पन. खाडी काय तुला विचारून येनार? माजं भात, तुज्या आयशीचं घर, समदं मागं हाय, बाबा."

अल्पेश वैतागला. "मॅडमनी मापं घेतलीत. शिकलेल्या हायेत त्या. पानी लाल खुंटीच्या वर येतच न्हाय."

ती लाल खुंटी मृणालने बांधाच्या खाडीकडच्या उतारावर ठोकली होती. कमळने मृणालकडे मोर्चा वळवला.

"बाय, ही खुंटी कवा ठोकलीस?"

"एकोणीस तारखेला, आजी."

"तारीख न्हाय गं. तिथ सांग."

मृणालला तिथी कुठून ठाऊक असणार! कमळने बोटांच्या पेरांवर मागे मोजलं आणि कपाळाला हात लावला. "दशमी! अगं, दशमीला भांगाची भरती असते. पानी अर्ध्यावरनंच मागं फिरतं. निजलेल्या मानसाची उंची मोजून त्याला दार करशील का? पुनवेच्या दुसऱ्या दिवशी ये. दुपारी."

मित्रांनो, ती आली. मापं चुकली असं कोणी म्हटलं की शिकलेली माणसं बहुधा तोंड फिरवतात. ही आली, म्हणून तिला मी मान देते. दुपारी एकच्या सुमाराला खाडी फुगली. लाल खुंटी बुडाली, तिच्यावर दोन हात पाणी चढलं आणि तरी चढतच राहिलं. मी माझ्या चौकटीवर घट्ट दाबले गेले. फळ्या करकरल्या. माझ्या मागे मोरीच्या आतल्या तोंडाशी मृणाल उभी होती आणि तिच्या चपला कोरड्या होत्या.

तिने हातातला नकाशा गुंडाळला. मग म्हणाली, "अल्पेश, माझं चुकलं. भराव आणि पाईप असलेल्या नकाशावर मी सही करणार नाही."

"मॅडम, भूमिपूजन झालंय! पत्रिका वाटल्यात!" अल्पेश भडकला. "गावात तोंड दाखवू कसा? पंप लावू ना दोन."

"लावा. आणि वीज गेली की?"

अल्पेश तरातरा मोरीत वाकून आत आला आणि माझ्यावर तळहात टेकवला. पलीकडून लाट बसली, तसा तो दचकला.

"काकी, किती लोड येतो गं हिच्यावर?"

"तुजा भरलेला ट्रेलर टेकवून ठेव, येवढा. दिसातनं दोनदा."

हे त्याला कळलं. ट्रकवाल्याला वजन सांगितलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. तो बाहेर आला, पँटीचा चिखल झटकला आणि मृणालला म्हणाला, "भराव कॅन्सल. दुसरं काढा."

दुसऱ्या नकाशात इमारत खांबांवर चढली आणि निम्मी झाली. ट्रेलर रस्त्याकडच्या उंच जागेवर गेले. भिंतींना मिठागराच्या पडक्या कोठाराचे जांभ्याचे चिरे वापरले. डोंगर डोंगराच्या जागी राहिला, आणि खांबांमधून शिवाराचं पाणी पूर्वीसारखंच माझ्याकडे येऊ लागलं. मिठाच्या पाण्यात चाळीस वर्षं झिजल्यावर इतका सरळ विजय माझ्या वाट्याला येईल असं मला वाटलं नव्हतं. आला, तर मी तो मिरवणार.

मग हरित इमारतीच्या दाखल्यासाठी अर्ज गेला. त्यात सूर्याला रकाना होता, विजेला होता, विटांना होता. मला नव्हता. मृणालने समासात हाताने लिहिलं, 'भरती-ओहोटीवर चालणारी उघाडी, एक.' पंधरा दिवसांनी उलट विचारणा आली: हे यंत्र कोणत्या कंपनीचं, आणि याला वीज किती लागते?

अल्पेशने नव्या ऑफिसात ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. कमळ हसली नाही. ती म्हणाली, "लिही त्यांना. वीज लागत न्हाय. मानूस लागतो."

मित्रांनो, माझं मागणं तेवढंच आहे. हिरव्या पानाचा फलक दिसला की आधी विचारा, इथलं पाणी आता कुठून जातं? उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका. आणि मला हार नको, पाटी नको, फोटो तर नकोच. महिन्यातून दोनदा चिखलात उतरणारा एक माणूस द्या. खाडीचं काय करायचं ते मी बघून घेते.