पाचव्या चित्रापाशी

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंना क्रूसाची वाट एका दमात करता येत नव्हती. चर्चच्या भिंतीवर येशूच्या दुःखाची चौदा चित्रं, दर चित्रापाशी थांबून प्रार्थना करायची, आणि तिथे बूड टेकायला खुर्ची हवी. ती खुर्ची पुढे न्यायची कोणी, तर सुनेनं. बेकरीतली पाळी संपवून आलेली सून, केसांत अजून मैदा, आणि तोंडाचा पट्टा सुरूच.

"हमालीच लिहिलीय माझ्या नशिबात. तुमच्या लेकानं पिटाळलं म्हणून आले, नाहीतर आत्ता घरी पाय पसरून पडले असते."

पाचव्या चित्रापाशी सासूबाई बसल्या. चित्रात रानातून घरी निघालेल्या एका वाटसरूला शिपायांनी धरून येशूचा क्रूस उचलायला लावलं होतं. या माणसावर त्यांचा जुना राग. जबरदस्तीनं केलं, त्यात कसलं आलंय पुण्य!

आज त्यांनी त्याचा चेहरा नीट निरखला. कपाळाला आठ्या, ओठ मुडपलेले. पण क्रूसाचं जड टोक खांद्यावर घट्ट धरलेलं. आणि पुढे चालणाऱ्या येशूची वाकलेली मान जराशी वर आलेली.

"झालं का? उचलू खुर्ची?" सून खेकसली.

"याला येशू वाटेत काही बोलला असेल का गं?"

"मला काय ठाऊक! बोलायला दम कुठे उरला होता त्याच्यात?"

"माझ्यात आहे," सासूबाई काठी टेकत उठल्या आणि सुनेच्या केसांतला मैदा झटकत म्हणाल्या, "फार उपकार आहेत गं तुझे, पोरी. चल, उचल आता."