एवढं काय छापता तुम्ही?

मी प्रिंटर. बोलतोय, कारण आता गप्प बसवत नाही.

कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी आलो, तेव्हा श्रद्धानं नुकतीच नोकरी सोडली होती. मुलीला, ऋतिकाला, शाळेत न घालता घरीच शिकवायचं तिनं आणि नवऱ्यानं, विश्वजीतनं ठरवलं होतं. शाळा मुलांना चेपून टाकतात, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. अशा घरात काम मिळालं म्हणून मी खूश होतो. मूर्ख होतो.

ऋतिका साडेचार वर्षांची. सकाळी तोंड उघडलं की झोपेपर्यंत मिटत नसे. डेपोतली एक बस गुपचूप टेकडीवर चरायला जाते आणि पोट गवतानं भरल्यामुळे सकाळी तिच्यात माणसंच मावत नाहीत, ही गोष्ट तिनं माझ्याशेजारी बसून सांगितली. श्रद्धा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती.

मग घरी शिकवणाऱ्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी आपल्या चार वर्षांच्या मुलानं लिहिलेल्या पाच ओळींचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवसापासून मला काम लागलं. ठिपक्यांचा अ, ठिपक्यांचा आ. रोज वीस पानं. नाश्ता झाला की पोरीला खुर्चीत बसवायचं. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण पेन्सिल बोटांत बसलीच पाहिजे. कागद मीच दिले, हे लपवत नाही. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे.

विश्वजीत एकदा चहा पिता पिता म्हणाला, “शाळेत घातलं असतं तर निदान मधली सुट्टी तरी मिळाली असती.” श्रद्धा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. विसाची तीस पानं मात्र झाली.

एका सकाळी ऋतिका बसची गोष्ट पुन्हा सांगायला लागली. श्रद्धानं तिला अडवलं आणि आता हेच लिहून दाखव म्हणाली. पोरीनं ‘ब’ काढला, उलटा. खोडला. पुन्हा उलटा. चौथ्या वेळी कागद फाटला. तेव्हा पेन्सिल खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली,

“आई, बस टेकडीवर गेलीच नाही. बस आली. संपली गोष्ट.”

आणि श्रद्धानं तिला शाबासकी दिली! ‘बस आली’ लिहायला सोपं होतं ना. त्या क्षणी मी पेटलो असतो तर बरं झालं असतं. जिच्या डोक्यात बस चरायला जात होती, त्या मुलीनं हाताला झेपेल तेवढंच बोलायचं ठरवलं होतं. त्यानंतर त्या घरात गोष्ट ऐकू आली नाही.

पंधरा दिवसांनी मी बंद पडलो. दुरुस्तीला वैजनाथ नावाचे गृहस्थ आले. त्यांनी माझ्या पोटातून राजम्याचे अकरा दाणे काढले, टेबलावर ओळीनं मांडले आणि विचारलं, “मॅडम, एवढं काय छापता तुम्ही? रोलर पार गुळगुळीत झालाय.”

दाणे कुणी टाकले, हे विचारावं लागलं नाही.

“कागद आले की माझा हात दुखतो,” ऋतिका म्हणाली.

श्रद्धानं तिचा हात हातात घेतला. मधल्या बोटावर पेन्सिलीनं खळगा पाडला होता. वैजनाथ पैसे न मागता जिन्याशी जाऊन उभे राहिले, तरी तिनं तो हात सोडला नाही.

कागद थांबले. तू सांग, मी लिहिते, असं श्रद्धा लेकीला म्हणू लागली. तुम्हाला वाटेल, पोरगी लगेच बोलायला लागली. कशाला बोलेल? पाच आठवडे ती कणीक मळायची, कुंड्यांतली माती उकरायची आणि आईनं वही उघडली की उठून जायची. मग एका दुपारी म्हणाली, “लिही. आज काही झालं नाही.” श्रद्धानं ते तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं आली.

मला मात्र नवा रोलर घालून मांजरी गावात राहणाऱ्या विश्वजीतच्या चुलतबहिणीकडे, राजनंदिनीकडे धाडलं. तिचा साई पुढच्या महिन्यात तीन वर्षांचा होईल. त्यालाही घरीच शिकवायचं आहे म्हणे. काल पाचशे कागदांचा गठ्ठा आला.

मुलांना कितव्या वर्षी लिहायला बसवावं, हे मी यंत्रानं काय सांगायचं? पण साईला अजून शर्टाचं बटण लावता येत नाही, एवढं मला इथून दिसतं. राजनंदिनीबाई, आधी त्याला ते लावता येऊ द्या. तो काय बोलतो ते ऐका. ‘हे कसं लिहायचं?’ असं तो आपणहून विचारेल, तेव्हा खुशाल माझं बटण दाबा. तोवर माझ्यावर फडकं टाका. मला धूळ चालेल.