कानसेनांचा चपटा रिसीव्हर

ज्या माणसाने तीस वर्षं "यंत्र आधी उचलून बघावं, मग ऐकावं" हे ज्ञान आल्यागेल्याला पाजलं, त्याने एके सकाळी "आपण चपटा रिसीव्हर घेऊ" म्हणावं, तर बायकोने संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

आमचे हे नाट्यगृहात आवाजाची व्यवस्था बघतात. धंद्यातले लोक यांना कानसेन म्हणतात. घरातला जुना रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र, हलवायला दोन माणसं लागतात, आणि त्याचाही यांना अभिमान; जड तेच यंत्र चांगलं, हा यांचा हिशोब.

"जुन्याला काय धाड भरली?" मी विचारलं.

"अगं, रोजच्या ऐकण्याला एवढं धूड कशाला? बातम्या, चार गाणी, एखादी मालिका."

मालिका, आणि हे! कुठेतरी पाणी मुरत होतं. मी पर्स उचलली आणि सोबत निघाले.

दुकानदार यांना ओळखून होता. त्याने दोन रिसीव्हर मांडले, दोन्ही जेमतेम चार बोटं उंच. यांनी एकही उचलून पाहिला नाही. पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत माइक ठेवला की आपलं आपण ऐकून आवाज जुळवून घेतो, तो यातला कुठला?"

मी चाट पडले. असल्या यंत्रांना हे 'आळशांचे कान' म्हणायचे.

"डावीकडचा, सर," दुकानदार म्हणाला. दोघांचं आधीच काही ठरलंय की काय, म्हणून मी आळीपाळीने दोघांची तोंडं बघत राहिले.

मग यांची नेहमीची परीक्षा झाली. किल्ल्यांचा जुडगा हलवून यांनीच केलेलं एक रेकॉर्डिंग आहे. किल्ल्या किल्ल्यांसारख्या वाजल्या तरच यंत्र पास. उजवीकडच्या रिसीव्हरवर छान खणखणल्या. डावीकडच्यावर मात्र कुणीतरी त्या टॉवेलात गुंडाळून हलवत असल्यासारखं वाटलं.

हे डोळे मिटून मान डोलवत होते. "स्वच्छ. अगदी स्वच्छ. हाच बांधा."

दुकानदार चपापला. त्याने डावीकडच्या रिसीव्हरला जोडलेल्या स्पीकरच्या मागे वाकून पाहिलं. "सर, टिपेच्या बारीक आवाजाच्या स्पीकरची तार निसटलीये. तो वाजतच नव्हता."

यांचे कान लाल झाले होते.

"तुमच्या लक्षात येतंय का ते हे बघत होते," मी हसून म्हणाले. "खोड्या काढायची सवयच आहे यांना."

दुकानदारही हसला. त्याला पटलं की नाही, देव जाणे.

खोकं घेऊन आम्ही बाहेर पायरीवर टेकलो. "कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. टिपेचे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. म्हटलं, घरी हे यंत्र कसं जुळवतं ते रोज बघावं आणि माझं जुळवलेलं त्याच्याशी ताडून पाहावं. किती चुकतोय ते तरी कळेल."

"आणि नाट्यगृहात?"

"यंत्रावरचे आवाजाचे काटे बघून आणि अंदाजाने. तिथे कुणाला कळलेलं नाही."

मला संताप आला. दोन वर्षं माझ्याशेजारी बसून हा माणूस न ऐकलेल्या आवाजांना दाद देत होता! आणि संतापाच्या मागोमाग रडू आलं. "व्यवस्थापकांना सांगा. आत्ता."

"काम जाईल गं. तेवढंच येतं मला. मग मी कोण?"

तरी मी व्यवस्थापकांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून यांच्या हातात दिला. हे अडखळत, दोनदा घसा खाकरत बोलले.

"कानसेन, वर्षभर माहीत आहे आम्हाला," व्यवस्थापक म्हणाले. "बारीक आवाज तुम्ही फार चढवून ठेवता. तुम्ही चहाला गेलात की दिवेवाला येऊन खाली घेतो, नाहीतर लोकांच्या कानठळ्या बसतात. तुम्हाला सांगायला कुणाची जीभ रेटेना. शनिवारचा प्रयोग त्यालाच करू दे. तुम्ही सोमवारी या, बोलू."

फोन बंद झाला. रस्त्यावरून एक बस गेली.

"काय म्हणाला तो?" यांनी विचारलं.

ऐकूच आलं नव्हतं, की ऐकलेलं खोटं ठरावं म्हणून विचारत होते, मला कळेना. मी त्यांच्या कानाजवळ सरकले आणि एकही शब्द न गाळता सगळं पुन्हा सांगितलं.