डाव्या स्पीकरचा हेवा

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत डाव्या कोपऱ्यात उभा असलेला मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. उजव्या कोपऱ्यात माझा भाऊ उभा असतो. आम्ही जुळे आहोत. परंतु पेटी त्याची आधी पुरी झाली, म्हणून तो दादा आणि मी धाकटा. एवढ्याशा फरकाने माझ्या आयुष्याचे बरेच काही ठरून गेले.

आम्हाला घडवले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांनी. लाकूड मापून, कापून, काचकागदाने घासून त्यांनी दोन पेट्या तयार केल्या. आत कापूस भरला, पुढे कागदी पडदा बसवला आणि त्यावर जाळीचे कापड ताणले. फळी एकच होती. तिचा स्वच्छ भाग दादाला मिळाला, गाठ असलेला मला. गाठ मागच्या बाजूला जाईल, असे काका म्हणाले होते. ती पुढेच आली.

दर रविवारी दुपारी काकांकडे शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्यांची बैठक भरत असे. माणसे तीनच. स्वतः काका, गल्लीत चष्म्यांचे दुकान असलेले चष्मेवाले आणि समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या आवडीची तबकडी आणायची, गाणारे कोण ते सांगायचे नाही, आणि पहिली बाजू संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचे नाही, असा त्यांचा नियम होता. बाजू संपली की मात्र असा वाद रंगे की काकांच्या पत्नी, म्हणजे सर्वांच्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबत. आत शिरायला फट सापडत नाही, असे त्या म्हणत.

मित्रांनो, त्या वादांत कौतुक व्हायचे ते दादाचे. जुगलबंदीची तबकडी लागली की सतार त्याच्या बाजूने वाजे आणि माझ्या वाट्याला तंबोरा येई. मैफलीत ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यात वाहवा उजवीकडून उमटे, श्रोत्यांचा खोकला माझ्याकडून. निघताना चष्मेवाले दादाच्या माथ्यावर हलकेच थोपटत. वहिनींनी त्याच्यावर फुलदाणी ठेवली होती. माझ्यावर रद्दी साठे. मी आतल्या आत जळत होतो. फक्त धूर निघत नव्हता.

अशी काही वर्षे गेली. मग एकदा खोलीला रंग द्यायचे ठरले. आमच्या तारा सोडवून भिंतीपाशी टाकल्या गेल्या. आम्हा प्रत्येकाकडे दोन तारा येतात. त्यांपैकी एकीवर लाल रेघ असते, आणि ती पेटीमागच्या लाल खुणेलाच जोडायची असते. रंगाऱ्याच्या ब्रशने माझ्या तारेवरची लाल रेघ पांढरी करून टाकली. रविवार उजाडला, पाहुणे जिन्यात आले, आणि जन्मात कधी घाई न केलेल्या काकांनी त्या दिवशी अंदाजाने तारा जोडल्या.

नेमकी त्या रविवारी चष्मेवाल्यांची पाळी होती. तरुणपणी थोरल्या बहिणीच्या घरी ऐकलेली एका गायिकेची पूरिया रागाची तबकडी ते कित्येक वर्षे शोधत होते. ती अखेर सापडली होती. ती त्यांनी रुमालात गुंडाळून आणली आणि दोन्ही हातांनी काकांकडे दिली.

तबकडी फिरू लागली. आवाज होता, सूर होते. पण गाण्याला बूड नव्हते. डग्ग्याचा घुमार कुठेतरी विरून गेला होता, आणि गायिका एका जागी बसून न गाता खोलीभर भटकत असल्यासारखी वाटत होती. बाजू संपली. डॉक्टरीणबाईंनी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की गायकी उत्तम आहे, परंतु ध्वनिमुद्रण पोकळ वाटते. काकाही तेच म्हणाले.

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. ही तबकडी पोकळ असणे शक्यच नाही, ऐकणाऱ्यांनी कान तपासून घ्यावेत, असे ते बोलून गेले. त्यावर, आठवणीतले गाणे नेहमी अधिक गोड लागते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते त्यांना फार लागले. त्यांनी तबकडी रुमालात गुंडाळली आणि चहा न घेताच ते जिना उतरले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

खरे सांगायचे तर त्या दिवसांत मी सुखात होतो. दादाच्या माथ्यावर थोपटणारा हात आता येत नव्हता. पण सुख टिकले नाही. आणखी दोन-तीन तबकड्या तशाच पोकळ वाजल्या, तेव्हा काकांना संशय आला आणि तो अर्थातच माझ्यावर आला. डावा बाद झाला असावा, त्याच्या जागी नवा आणावा, असे ते वहिनींना म्हणाले. तरीही एकदम निकाल देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी दादाला बंद करून मला एकट्याला वाजवले.

मित्रांनो, मी जीव ओतून वाजलो. डग्गा घुमला, खर्जाचे सूर फरशीपर्यंत पोहोचले. मग त्यांनी दादाला एकट्याला वाजवले. तोही तितकाच चांगला वाजला, याचे मला दुःख झाले. दोघांना एकत्र लावताच गाणे पुन्हा पोकळ.

वहिनी दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या दोघी काकूंचं असंच होतं. एकेकटी सोन्यासारखी, आणि दोघी स्वयंपाकघरात आल्या की कुणाचंच जेवण वेळेवर नाही. एकीनं पुढे ओढायचं, दुसरीनं मागे."

काकांची नजर आमच्या तारांकडे वळली. मग त्यांनी घड्याळातला सेल काढला, आमच्या पुढच्या जाळ्या उतरवल्या आणि आमच्याकडे येणाऱ्या दोन्ही ताराजोड्यांच्या टोकांना तो एकेकदा सारख्याच रीतीने टेकवून पाहिला. दादाचा पडदा पुढे सरकला. माझा मागे गेला.

तेव्हा मला कळले की इतके दिवस दादा हवा पुढे लोटत असताना मी ती मागे खेचत होतो. त्याने उचललेला प्रत्येक भारदस्त सूर मी खाली पाडत होतो आणि माझा तो पाडत होता. काकांनी माझ्या तारांची अदलाबदल केली, लाल रेघ नव्याने रंगवली आणि चपला घालून ते थेट चष्म्याच्या दुकानात गेले. तिथले बोलणे काकांनी परत आल्यावर वहिनींना सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे.

"चूक तुमच्या तबकडीची नव्हती, माझ्या तारांची होती," काका म्हणाले. "रविवारी ती घेऊन या."

"आणि माझ्या आठवणीचं काय?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"तिची परीक्षा रविवारीच होईल."

रविवारी चष्मेवाले आले. पूरिया सुरू झाला. डग्गा घुमला तशी त्यांनी मान खाली घातली आणि चष्मा काढून हातात धरला. गायिका मात्र ना माझ्याकडून गात होती, ना दादाकडून. ती आम्हा दोघांच्या बरोबर मधे, मोकळ्या भिंतीपाशी बसून गात होती. तिघांचीही तोंडे तिकडेच वळली होती. बाजू संपल्यावर कोणी वाद घातला नाही. डॉक्टरीणबाई भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमच्या ताईंच्या घरी या गायिका अशाच बसल्या होत्या का हो?"

"अगदी अशाच," चष्मेवाले म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

जाताना ते दादाला थोपटायलाही विसरले. तेव्हापासून दादाचा हेवा करण्याचे मला कारण उरले नाही. आता मला त्या भिंतीचा हेवा वाटतो. तिच्यात ना तार आहे, ना पडदा, आणि सगळी दाद तिलाच मिळते.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी असे जुळे भाऊ असतील, तर लाल रेघ लाल खुणेलाच जोडा, आणि गाणे पोकळ वाटले तर गाणाऱ्याला किंवा ते प्रेमाने आणणाऱ्याला बोल लावण्याआधी आमच्या तारा तपासा. आमच्यावर रद्दी साठवू नका, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झटका. आणि भिंतीकडे पाहून मनसोक्त दाद देऊन झाली की जमल्यास कधीतरी आम्हा दोघांना थोपटा. सुरुवात डावीकडून केलीत तरी चालेल.