नारिंगी जाकिटातला खुनी

मित्रांनो, मी एक जुना रबरी मुखवटा आहे. खुन्याचा. निदान मला तसं सांगितलं होतं.

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. वर्नाने आपल्या मोठ्या भावाच्या, ड्वेनच्या तोंडावर प्लास्टर थापलं, साचा केला आणि त्यात रबर ओतलं. प्लास्टर निघालं, सोबत ड्वेनच्या भुवयाही निघाल्या.

"अगं ए, भुवया गेल्या माझ्या!"

"खुन्याला काय करायच्यात भुवया? गप बस, दादा."

ड्वेन दुधाचा टँकर चालवायचा. घरात कोळी दिसला तर पेल्यात धरून बाहेर सोडायचा. आणि म्हणे हा खुनी! माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

वर्नाला भीतीचा सिनेमा काढायचा होता. जंगल, कुऱ्हाड, पळणाऱ्या मुली. तिच्या बाबांची अट होती, "एक वर्ष देतो. कोणी सिनेमा विकत घेतला तर ठीक. नाहीतर गोठ्यात परत यायचं. मला एकट्याला एवढ्या गाई झेपत नाहीत." वर्नाला गोठा नको होता. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी भीतीदायक दिसलो तर ती सुटणार.

शूटिंग नोव्हेंबरात ठरलं, कारण उसना कॅमेरा तेव्हाच मिळाला. पण नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचे दिवस. पहिल्याच शॉटला ड्वेन काळा कोट घालून, मला तोंडावर चढवून झाडामागून निघाला आणि धाड्! कुठूनशी गोळी आली, डोक्यावरची फांदीच तुटून पडली.

"अरे अस्वल नाहीये! माणूस आहे, माणूस!" ड्वेन ओरडला.

लांबून उत्तर आलं, "मग नारिंगी घाल की, बावळटा!"

शिकारीच्या दिवसांत इथे जंगलात जाणारा प्रत्येक जण भडक नारिंगी जाकीट घालतो. हरीण समजून कोणी गोळी घालू नये म्हणून. वर्ना जरा वेळ रडली. मग तिने खुन्याला नारिंगी जाकीट दिलं. पळणाऱ्या मुलींनाही दिलं. वर मी, फाटका गाल, पांढरे डोळे. आणि खाली रस्तादुरुस्तीचा कामगार. मी नक्की कोण, मला कळेना.

पुढच्या नोव्हेंबरात, रविवारी दुपारी, गावच्या टॉकीजमध्ये सिनेमा लागला. ड्वेनने मला मांडीवर घेतलं होतं. वर्नाच्या शेजारी शिकागोचा वितरक बसला होता, पेलेटिअर नावाचा. तो सुरुवातीपासून हसत होता. माझी बाजू घ्यावी तरी कशी? रक्त म्हणजे बिटाचा रस, चक्क गुलाबी. वरून माइक डोकावत होता. एका शॉटमध्ये बर्फ, पुढच्यात हिरवं गवत.

"हा खून करतोय का ट्रॅफिक थांबवतोय?" पेलेटिअर म्हणाला. लोकही हसले. वर्ना खुर्चीत खाली सरकत गेली.

मग तो शॉट आला. लोईस, म्हणजे एरवी शाळेची बस चालवणारी आमची नायिका, रक्ताळलेली पळतेय. झाडांमागे तिला नारिंगी काहीतरी दिसतं. कोणी शिकारी असेल, या आशेने तिचा चेहरा एकदम सैल पडतो. "काका! इकडे, इकडे!" ती हात हलवते आणि सरळ माझ्याकडे धावत येते. कॅमेरा तिच्याच चेहऱ्यावर. कुऱ्हाड दिसतच नाही, कारण फोमची कुऱ्हाड आदल्या दिवशी मोडली होती. नुसता श्वास ऐकू येतो. ड्वेनला सर्दी झाली होती, माझ्या आत तो घरघरत होता.

"नको गं! जाऊ नकोस!" टॉकीजमधून कोणीतरी किंचाळलं. मग शेवटपर्यंत एकही जण हसला नाही.

दिवे लागले. निम्मे लोक जंगलातून थेट आले होते, नारिंगी जाकिटातच. सगळे एकमेकांच्या जाकिटांकडे बघत बसलेले. आधी कोणी उठेना.

पेलेटिअरला यातलं काही समजलं नाही. "जाकिटाचे सीन काळ्या कोटात परत काढ. लगेच घेतो."

वर्नाने लोकांकडे पाहिलं. "काळ्या कोटातल्याला इथे कोणी मदतीला हाक मारेल का हो?" ती म्हणाली. "नाही काढणार."

तो गेला. सिनेमा विकला गेला नाही.

मागच्या रांगेतून बाबा आले. त्यांनी स्वतःचं जाकीट काढून काखेत धरलं होतं, तेही बाहेर बर्फ पडत असताना.

"अट म्हणजे अट. उद्यापासून गोठ्यात."

"हो, बाबा."

ते जाईनात. टोपी चाचपत हळूच म्हणाले, "सकाळी शिकारीला जायचंय. एकट्याला नको वाटतंय. तू... सोबत येतेस का?"

ही हार होती की शाबासकी? मी आजही चक्रावतो.

आता मी गोठ्यात खिळ्यावर असतो. भेगा पडल्यात. मित्रांनो, असा एखादा रबरी म्हातारा तुमच्याकडे असेल तर त्याला उन्हात टांगू नका, कधीतरी पावडर लावा. आणि कोणी चार पैशांत सिनेमा काढला असेल तर हसा खुशाल, पण मधेच उठून जाऊ नका.

मी भीतीदायक आहे की नाही, मला ठाऊक नाही. वर्ना रोज इथे दूध काढते. पण माझ्याकडे पाठ करून कधीच बसत नाही.