दुसऱ्या टाकीचा चोथा

सकाळपासून दादाचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिन्ही टाक्यांभोवती चकरा चालल्या होत्या. हवेचा पंप बंद केला, पुन्हा चालू केला, कोरडं जाळं उगाच झटकलं. मनात पाल चुकचुकत होती ना! आज माशांचा रिपोर्ट यायचा होता.

वरच्या अंगाला बॅटऱ्यांचा कारखाना. त्याचं शिसं पाण्यात उतरलं आणि माशांच्या अंगात मुरलं. मत्स्यखात्याचा अधिकारी सगळे मासे पुरायलाच निघाला होता. पण दादाची धाकटी बहीण प्रयोगशाळेत कामाला, तिने हातापाया पडून आठ आठवडे मागून घेतले. खाद्यात फळांचा वाळवलेला चोथा मिसळायचा. त्यातलं फायबर पोटातलं शिसं धरतं आणि विष्ठेवाटे बाहेर नेतं, असं तिचं म्हणणं. पहिल्या टाकीला चोथा, दुसरीला साधं खाद्य. फरक दिसला तर मासे वाचले, नाहीतर सोमवारी खड्डा. तिसऱ्या टाकीत मासे तेच, पाणी तेच, पण ती प्रयोगात नव्हती.

बहीण आली ती कागद मुठीत चुरगाळूनच.

"दोन्ही टाक्या सारख्याच, दादा. शिसं उतरलंय, पण दोन्हीकडे तेवढंच. म्हणजे पाणीच निवळलं असणार. चोथ्याने काही केलं नाही."

दादाने हातातलं जाळं खाली ठेवलं. बोलावं तर ही जीव घेणार, गप्प बसावं तर मासे जाणार. इकडे आड, तिकडे विहीर!

"अगं, दुसरीलाही घालत होतो मी."

"काय?"

"चोथा. रोज, मापात. पहिलीला औषध आणि दुसरीने नुसतं टकामका बघायचं? शेजारीशेजारी असा पंक्तिप्रपंच नाही करवला मला."

"पंक्तिप्रपंच! अरे मासे आहेत ते, पाहुणे नाहीत!" ती मटकन खाली बसली. आठ आठवड्यांची मेहनत मातीत गेली होती, आणि घालवली कोणी, तर सख्ख्या भावाने. तिला रडूच फुटलं. दादाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग ती एकदम थांबली. "आणि तिसरीला?"

"तिला कुठून? चोथा दोघींनाच जेमतेम पुरायचा."

"चिमूटभरसुद्धा नाही?"

"तुझी शपथ."

"मग जाळं घे. आत्ताच्या आत्ता! तिसरीत शिसं जास्त निघालं, तर चोथ्यानेच काम केलं. पहिल्या दोन्ही टाक्या वाचतील."

"आणि तिसरी?"

ती अधिकाऱ्याला फोन लावायला वळली होती.

दादा पाण्यात उतरला. खाद्याच्या आशेने मासे आपणहून त्याच्या हाताशी आले. दहा मासे त्याने बर्फात ठेवले, झाकण लावलं, आणि डबा छातीशी धरून पुटपुटत राहिला, "असू दे रे देवा, भरपूर शिसं असू दे यांच्यात."